शाखा नंतर, आधी आजीच्या वाती

पत्र:

ताई, मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय मानसशास्त्र. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आमच्या कॉलेजात पुढच्या वर्षी चौथं, ऑनर्सचं वर्ष आहे आणि आत्तापासूनच सगळे विचारतात, कोणत्या शाखेत जाणार? मला क्लिनिकल आवडतं, सोशल आवडतं, मेंदूचं आवडतं, लहान मुलांचंही आवडतं. फक्त स्टॅटिस्टिक्स आवडत नाही. मैत्रिणीने फॉरेन्सिक ठरवूनही टाकलं. मला सगळ्यातलं थोडं थोडं येतं, पूर्ण असं काहीच येत नाही. बाबा म्हणतात, "एवढं शिकून शेवटी पागलखाना चौकातच उतरणार काय?"

घरी आजी आहे, ८१ वर्षांची, तिसरी शिकलेली. जेवून अर्धा तास होत नाही तर विचारते, मला वाढलं नाही का अजून. पण वाती वळायला बसली की आमच्या कोणापेक्षा चांगल्या वळते आणि हरिपाठ अडखळत नाही. काकू म्हणते ती मुद्दाम करून राहिली. आई थकली आहे. तीन वर्षं मानसशास्त्र शिकून मला यातलं काहीच सांगता येत नाही. मग कोणती शाखा घेऊ?

– गोंधळलेली, नंदनवन, नागपूर

उत्तर:

तुझं पत्र मी खालून वर वाचलं. तीस वर्षं पेपर तपासल्यावर ही खोड लागते. पोरं मनातलं काय ते शेवटच्या पानावर, घंटा व्हायला आली की लिहितात. तूही शाखांचा पाढा म्हणून झाल्यावर आजीकडे आलीस, आणि आल्यावर मात्र नेमकं लिहिलंस. काय विसरते, काय विसरत नाही, कोण काय म्हणतं. अशी नोंद घ्यायला मी पोरींना वर्षभर शिकवायचे, तरी निम्म्यांना जमायची नाही.

माझा सल्ला आधीच सांगून टाकते. चौथ्या वर्षाला शाखा ठरवायच्या भानगडीत पडू नकोस. एक प्रश्न धर आणि प्रत्येक पेपरात तोच घेऊन बस. तुझा प्रश्न तर घरात, दाराजवळच्या खाटेवर बसून कापूस पिंजतो आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत मिरर ड्रॉइंगचं यंत्र असेलच. लाकडी फळी, तिच्यावर उभा आरसा, हात झाकायला आडोसा आणि कागदावर दुहेरी रेघांचा तारा. स्वतःचा हात थेट दिसत नाही. आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या खेपेला पेन्सिल कोपऱ्यावर जाऊन जी अडते ती अडतेच. वर न्यायला जावं तर खाली उतरते. एरवी चुरूचुरू बोलणारी पोरगी दातओठ खात गप्प होते. मग हळूहळू जमायला लागतं, वेळ उतरतो, चुका कमी होतात. आपण आलेख काढतो, 'सरावाने अध्ययन होते' असा निष्कर्ष लिहितो, मॅडमची सही घेतो आणि कँटीनमध्ये तर्री पोहे खायला पळतो.

आता याच ताऱ्याची दुसरी गोष्ट ऐक. १९५३ साली अमेरिकेत हार्टफर्डला हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणावर फिट्स थांबवण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, त्याचा मोठा हिस्सा आणि आसपासचा भाग काढला. फिट्स बऱ्याच कमी झाल्या, पण नवीन आठवण तयार होणंच थांबलं. आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याला नवा. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्यापुढे हाच तारा आणि हाच आरसा ठेवला, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने फिरत होता. आणि हे आपण आधी कधी केलं आहे, याची त्याला काही म्हणजे काही आठवण नव्हती. हात शिकला होता, माणसाला पत्ता नव्हता. स्मृती ही एकच गोष्ट नाही, तिचे निरनिराळे कप्पे आहेत आणि एक बंद पडला तरी दुसरा चालू राहू शकतो, हे असं हाती लागलं. २००८ साली तो वारल्यावर त्याचं पूर्ण नाव जगाला कळलं. तोवर पुस्तकांत तो नुसता 'एच. एम.' होता.

जेवल्याचं विसरणारी आणि वाती वळणारी आजी. आलं ना लक्षात? हरिपाठाचं थोडं वेगळं आहे. तो हाताचा सराव नाही, सत्तर वर्षं मुरलेली जुनी आठवण आहे. स्मृती ढासळते तेव्हा अलीकडचं आधी जातं आणि जुनं मागाहून, असं फ्रान्सच्या रिबो या मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण एक सांभाळ. मोलेसनचा मेंदू कापलेला होता. आजीच्या डोक्यात काय चाललंय ते तुला माहीत नाही, मलाही नाही. साम्य दिसलं म्हणजे निदान झालं असं नसतं. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आपण सगळ्याच जणी घरातल्यांची निदानं करत सुटतो. मी माझ्या मामांना भर पंगतीत ओसीडी, म्हणजे तेच तेच पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, ठरवून टाकला होता. बिचारे फक्त हात धुऊन आले होते.

हे झालं जैविक आणि बोधनिक (कॉग्निटिव्ह) मानसशास्त्र. दोन पेपर एकाच खाटेपाशी संपले.

आता मापनाकडे ये, कारण तिथे खरी मजा आहे आणि पोरं नेमकं तेच युनिट ऑप्शनला टाकतात. म्हाताऱ्या माणसाची स्मृती, भान तपासायला जगभर एक छोटी चाचणी वापरतात, एम.एम.एस.ई., म्हणजे मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन, १९७५ सालची. त्यात आजची तारीख विचारतात. शंभरातून सात, पुन्हा सात, असं वजा करायला लावतात. कागदावर लिहिलेलं वाचून तसं करायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. तिसरी शिकलेल्या तुझ्या आजीला हे दिलं तर ती नापास होणार. पण कशात? स्मृतीत की शाळेत? हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांमधून काम करणाऱ्या संशोधकांपुढे हाच पेच आला. तिथली बरीच म्हातारी माणसं निरक्षर होती. त्यांनी चाचणी नव्याने बांधली, १९९५ मध्ये ती छापून आली, हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन. आत्ता सकाळ आहे की दुपार की संध्याकाळ? वाचून डोळे मिटा असं नाही, तर माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा, म्हणून तपासणारा स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहा याऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. प्रत्येक बदलामागे किती डोकं चाललंय बघ. मोजायचं तेच, पण अक्षरओळखीची अट काढून टाकलेली. प्रमाणीकरण (सगळ्यांना एकाच रीतीने तपासणं), सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जातं का), विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर तेच येतं का) हे शब्द तू पाठ केले असशील. ते काम करताना असे दिसतात.

आणि यात आपल्या गावाचा हात आहे, हे तुला कोणी सांगितलंय का? मुलांची सामाजिक परिपक्वता मोजायची व्हाइनलँड चाचणी एडगर डॉलने १९३५ मध्ये अमेरिकेत केली. ती भारतात वापरतात ती 'नागपूर अडॅप्टेशन' या नावाने. दिल्लीचा विद्यार्थी असो की बंगळुरूचा, मतिमंदत्वाच्या मूल्यमापनाचं काम शिकताना त्याच्या हातात हे नाव येतंच. ए. जे. मालिन यांनी इथे नागपुरात बसून ते केलं. १९६९ मध्ये वेक्सलरच्या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूपही त्यांनीच केलं, मिसिक म्हणतात ती. डॉलच्या मूळ यादीत एक मुद्दा असा आहे: सांता क्लॉज खराखुरा नसतो, हे मुलाला कळलेलं असणं. इतवारीतल्या पोराच्या आईला हे विचारून काय हाती लागणार, सांग! म्हणून रूपांतर म्हणजे भाषांतर नव्हे. मूल आपल्या हाताने जेवतं का, बटणं लावतं का, गल्लीत एकटं फिरतं का, हे आईला विचारत विचारत ती चाचणी होते. पोराला टेबलावर बसवून कोडी घालत नाहीत. मला स्वतःला कुठल्याही पुस्तकी प्रकरणापेक्षा या एका चाचणीने विकासात्मक मानसशास्त्र जास्त शिकवलं.

आता काकू. "मुद्दाम करून राहिली." हे वाक्य सामाजिक मानसशास्त्राच्या पेपरात जसंच्या तसं बसतं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीकडे डोळेझाक करतो. ली रॉसने १९७७ मध्ये याला मूलभूत गुणारोपण प्रमाद म्हटलं. मराठी पुस्तकातलं हे नाव ऐकून पोरांना घाम फुटतो, पण गोष्ट काकूइतकी घरगुती आहे. पुढे १९८४ मध्ये जोन मिलर यांनी शिकागोचे अमेरिकन आणि मैसूरचे हिंदू यांची तुलना केली. वय वाढेल तसे अमेरिकन लोक स्वभावाकडे जास्त बोट दाखवत होते आणि मैसूरचे लोक परिस्थितीकडे. 'मूलभूत' म्हटलेला प्रमाद सगळीकडे सारखा मूलभूत नव्हता. मग तुझी काकू भारतीय असून मैसूरच्या निष्कर्षात का बसत नाही? कारण ते निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत, आणि काकू एकटी आहे, शिवाय थकलेली आहे.

आलीस ना सांख्यिकीच्या दारात? पळू नकोस, थांब.

हिवाळ्यात संत्र्याची पेटी घेतली असशील. वरचा थर बघून घेतो आपण, लालबुंद, टणक. घरी येऊन खालचा थर उघडला की आई दुकानदाराचा उद्धार करते. मानसशास्त्राचंही बराच काळ असंच झालं. प्रयोगांत बसवली ती माणसं बहुतेक पाश्चात्त्य देशांतली, शिकलेली, खातीपिती, त्यातही कॉलेजची पोरं, आणि निष्कर्ष लिहिले 'माणूस' असा वागतो म्हणून. २०१० मध्ये हेनरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे जोरात मांडलं. पेटीतला वरचा थर, दुसरं काय. मग २०१५ मध्ये शंभर छापील अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांचे निकाल सांख्यिकीच्या दृष्टीने लक्षणीय होते, म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देता येऊ नयेत असे. पुन्हा केल्यावर ते राहिले ३६ टक्के. पुस्तकात छापलंय म्हणून खरं, असं मानायची सोय तुझ्या पिढीला उरली नाही. माझ्या मते हे फार छान झालं.

तुला ज्या टी-टेस्टची, म्हणजे दोन सरासरींतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या चाचणीची, भीती वाटते ती तर एका बिअरच्या कारखान्यात जन्मली. डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नोकरीला होता. बार्लीचे थोडेसेच नमुने बघून पूर्ण मालाबद्दल बोलायचं, तर कितपत भरवसा ठेवावा, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याने १९०८ मध्ये उत्तर छापलं ते 'स्टुडंट' या टोपणनावाने. म्हणून ती 'स्टुडंट्स टी'. विद्यार्थ्यांना छळायला काढली म्हणून नव्हे, जसं मला बी.ए.ला असताना वाटायचं.

आणि आता माझं पाप कबूल करते. त्या बी.ए.त मिरर ड्रॉइंगच्या दहा खेपा करायचा कंटाळा आला म्हणून मी चार केल्या आणि सहा घरी बसून भरल्या. प्रत्येक खेपेला वेळ आठ सेकंदांनी कमी. काय सुंदर आलेख आला होता! बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, जिवंत माणसाचा हात इतका शहाण्यासारखा शिकत नाही." तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. सीनियरचं जर्नल उतरवायची पद्धत अजून आहे, मला माहीत आहे. तू नको करूस. वेडावाकडा आलेख असू दे. सातव्या खेपेला वेळ वाढला तर का वाढला ते लिही. पेन्सिलचं टोक मोडलं, बाहेर वरात गेली, काहीही. त्या एका ओळीत आलेखापेक्षा जास्त मानसशास्त्र असतं.

चौथ्या वर्षाचे नियम थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांची पदवी कमीत कमी १२० श्रेयांकांची आणि चार वर्षांची कमीत कमी १६० ची. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं, त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षं केलीस तर एम.ए. एका वर्षाचं, तीनवर थांबलीस तर दोन वर्षांचं. म्हणजे वर्ष वाया जात नाही, बाबांना हे हिशेबाच्या भाषेत सांग. टक्के बसत असतील तर संशोधनवालंच घे. मार्गदर्शक मात्र बघून निवड. ज्यांना तू प्रश्न विचारलास की राग येत नाही, त्या मॅडम किंवा सर.

प्रकल्पाला विषय सुचवू? आजीवर करू नकोस. घरच्या माणसावर अभ्यास केला की तू नात राहत नाहीस आणि संशोधकही होत नाहीस, आणि ती नाही म्हणेल अशी सोयही तिला नसते. पण तिच्यामुळे सुचलेला प्रश्न तुझाच आहे. तुमच्या भागात भजनी मंडळं ढिगाने असतील. पन्नाशी-साठीच्या, तब्येतीने धडधाकट अशा तीसेक बायका. बारा साध्या शब्दांची यादी एकदा नुसती वाचून दाखवायची आणि तेवढ्याच कठीण शब्दांची दुसरी यादी ओळखीच्या चालीत म्हणून दाखवायची. वीस मिनिटांनी कोणती जास्त आठवते? निम्म्या जणींना आधी चालीतली, निम्म्यांना आधी साधी, म्हणजे पहिल्या यादीचा थकवा दुसरीवर जाणार नाही. याद्यांचीही अदलाबदल कर. त्याच बायका दोन्हीकडे आहेत म्हणून जोडीची टी-टेस्ट. लेखी संमती घे, ती वाचता येत नसेल तिला वाचून दाखव, कॉलेजची नैतिकता समिती असेल तर आधी तिच्याकडे कागद जाऊ दे. आणि काही फरक आला नाही तर 'फरक आला नाही' असं लिही. शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक नाही' हे गृहीत, टिकली म्हणून कोणी नापास करत नाही.

बघ, या एवढ्याशा कामात स्मृती आली, वृद्धत्व आलं, संस्कृती आली, मापन आलं, सांख्यिकी आली. यातलं काय करताना तुला रात्रीचे अकरा वाजल्याचं कळलं नाही, ते लक्षात ठेव. बायकांशी बोलताना की आकडे मांडताना की याद्या तयार करताना. एम.ए.ला शाखा निवडायची वेळ येईल तेव्हा ते उपयोगी पडेल.

माध्यमाची काळजी करतेस, तर ऐक. अभिसंधान, प्रबलन, अवधान, प्रमाण विचलन हे शब्द मराठी माध्यमाच्या पोरीलाही पहिल्यांदा परकेच असतात, उगाच न्यूनगंड नको. एक वही कर. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे पुस्तकी मराठी, आणि खाली घरातलं एक उदाहरण. प्रबलनाखाली, म्हणजे बक्षिसाने वागणं पक्कं होतं त्याखाली, काय लिहिशील? कूलरपुढची जागा सोडली तर धाकट्याला पाच रुपये मिळतात, हे. पुढचं वाचन इंग्रजीतून करावंच लागेल, त्याला इलाज नाही. पण ज्या बाईची चाचणी घ्यायची ती मराठी, नाही तर वऱ्हाडी नाही तर गोंडी बोलणार आहे. तिचं बोलणं अर्धं कानावरून न जाता पूर्ण कळणं हे भांडवल तुझ्याकडे आयतं आहे.

शाखांपैकी क्लिनिकलबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण तिथे फसवणूक होते. बी.ए. करून कोणी समुपदेशक होत नाही, दारावर पाटी लावली तरी. सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र घेऊनही नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिच्या नोंदवहीत नाव लागतं. इतकी वर्षं त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. होतं. यू.जी.सी.ने २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवीच बंद केली, क्लिनिकलला मात्र काही काळ मुदत दिली. पदव्यांची नावं आता बदलत आहेत, त्यामुळे फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का ते स्वतः बघायचं. एजंटच्या बोलण्यावर जायचं नाही. औषधं लिहिण्याचा अधिकार मात्र सायकिअॅट्रिस्टचा, तो एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर. शेजारच्यांना हा फरक आयुष्यभर समजावत बसावं लागतं, मनाची तयारी ठेव.

मैत्रिणीचं फॉरेन्सिक वेब सिरीज बघून ठरलं असावं असा माझा संशय आहे. तिला सेल्वी विरुद्ध कर्नाटक हा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला दे. संमतीशिवाय कोणाचीही नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी घेता येत नाही, असं त्यात आहे. वाचूनही तिची आवड टिकली तर मग ती खरी. संघटनात्मक, म्हणजे कंपन्या-कार्यालयांतल्या कामाचं, मानसशास्त्र मी इथे सोडून देते. नोकऱ्या तिथे आहेत, पण तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही आणि उल्लेख नसणं हेही उत्तरच.

बाबांच्या वाक्याचं काय करायचं? मानकापूरकडे जाताना तो चौक लागतो, आणि आपण नागपूरकर त्याचं नाव किती सहज घेतो नाही? ऑटोवाल्याला 'पागलखाना चौक' म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय ब्रिटिशांच्या काळातलं. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी राज्यात चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिथल्या माणसाला उपचाराचा, सन्मानाचा, आपल्याला कसे उपचार हवेत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला. मी पोरींना घेऊन भेटीला जायचे. गेटपर्यंत बसमध्ये खिदळणाऱ्या पोरी परत येताना खिडकीबाहेर बघत बसायच्या. एका पेशंट बाईने आमच्यातल्या एकीची वेणी सुटलेली पाहून आपणहून घालून दिली होती, तीन पेडी, घट्ट. बाबांशी वाद घालू नकोस. ते चेष्टा करताहेत, कारण त्यांची आई जेवल्याचं विसरते आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. असं मला वाटतं. चुकतही असेन.

'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देण्याची आपली पद्धत आहे. तुम्हीही तेच करताय, हे जरा कडू वाटेल. आजीला अजून कोणा डॉक्टरला दाखवलं असं पत्रात कुठे नाही. विसरण्याचं प्रत्येक कारण काही स्मृतिभ्रंशच नसतं. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, नैराश्य असलं, ऐकू कमी येत असलं, नाही तर एखाद्या औषधाचा परिणाम असला, तरी म्हातारं माणूस असं विसरू शकतं. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. आणि स्मृतिभ्रंश निघाला, तरी लवकर कळलेलं बरं. तोपर्यंत ती "वाढलं नाही का" म्हणाली की "आत्ताच तर जेवलीस" असा वाद घालू नका. तिच्या लेखी ती जेवलेलीच नाही. वाटीत चार चुरमुरे द्या आणि हातात कापूस द्या.

आईला आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी दे. तू घरी थांब, तिला बर्डीवर बाजारात जाऊ दे, देवळात जाऊ दे, कुठेही. काकूलाही एक दिवस वाटून दे. मुद्दाम की आजार हे तिला चार तास एकटीने सांभाळल्यावर तुझ्या गुणारोपण सिद्धांताशिवाय कळेल. आईला फारच जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

डॉक्टरांकडे तू स्वतः सोबत जा. आधी आठवडाभर वहीत लिही: काय विसरली, किती वाजता, झोप किती झाली, काय बरोबर केलं. वाती आणि हरिपाठही लिही. आणि तिची सगळी औषधं एका पिशवीत घालून ने, उशीखालच्या चूर्णाच्या डबीसकट.